पाखऱ्याची छकडी

मागच्या माघात एकोडीच्या शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पाखऱ्या मागं पडला, आणि ते साऱ्या गावानं पाहिलं.

पट पाहायला कोण येत नाही? धान घरात आलं, चुरणं, म्हणजे मळणी, आटोपलं, की लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, पोरांच्या खिशात फुटाणे खुळखुळतात. गावाबाहेरच्या मोकळ्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, शेजारी शेजारी दोन लांब, सरळ वाटा तयार करतात. त्यांना दाण म्हणतात. एकेका दाणीवर एकेक जोडी उभी राहते. दोन बैल, मागं दोन चाकांची छकडी, आणि तिच्या धुऱ्यावर बसलेला धुरकरी, म्हणजे हाकणारा. लाल निशाण खाली आलं की दोन्ही जोड्या सुटतात. डोळ्यातली धूळ पुसावी तोवर सगळं संपलेलं असतं. पण तेवढ्या वेळात काय झालं, यावर लोक वर्षभर बोलतात.

यादोराव बावीस वर्षं धुरकरी होता. डावीकडे कोसा, उजवीकडे पाखऱ्या, ही त्याची जोडी. कोसा सहा वर्षांचा, कोशाच्या कापडासारखा पिवळसर, अंगात मस्ती. पाखऱ्या बारा वर्षांचा. त्याची माय त्याला जन्म देऊन तिसऱ्या दिवशी मेली होती. यादोरावनं त्याला बांबूच्या नळ्यानं तांदळाची पेज पाजून वाढवलं. त्या दिवसांत तो गोठ्यातच जेवायचा आणि सत्यभामाबाई, त्याची बायको, ताट तिथंच नेऊन द्यायची.

"एक ताट वासराले मांडू का?" असं ती तेव्हा विचारायची. यादोराव म्हणायचा, "मांड."

पटात पाखऱ्या मागं पडला म्हणजे काय झालं? अर्ध्या दाणीपर्यंत दोघं बरोबर होते. मग पाखऱ्याची धाप सुरू झाली. तो एक पाऊल मागं राहिला, जू तिरपं झालं, कोसा पुढं ओढू लागला आणि त्याच्या मानेचं कातडं सोलून निघालं. छकडी भलतीकडे वळली. जोडी हरली.

यंदा पौष लागला तेव्हा यादोरावचा मुलगा भोजराज गोठ्यात येऊन उभा राहिला. चोवीस वर्षांचा, काडीसारखा, पण बोलायला ठाम.

"बाबा, यंदा पाखऱ्या नोको."

"काहून?"

"तुमाले मालूम हाय काहून. कोश्याच्या मानेवर अजून वण हाय. दिघोरीचे भैय्यालाल मामा आपला बैल द्याले तयार हायेत. कोश्यासंग चांगला जमते तो."

"अन् पाखऱ्या?"

भोजराज खाली पाहू लागला. जोडी तुटलेल्या म्हाताऱ्या बैलाचं काय होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. एकट्या बैलाला ना नांगर ना बंडी. पुढचा आठवडी बाजार.

यादोराव बराच वेळ पाखऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "पटाच्या आधी एक पळवून पाहू. जू सरळ राहिलं त पाखऱ्या. तिरपं झालं त तुया मामाचा बैल."

"कबूल?"

"कबूल."

बोलून तर बसला. पण बारा वर्षांच्या बैलाला दहा वर्षांचा कसा करणार? रात्रभर तळमळला आणि सकाळी उठून सोमाजी वाढईच्या अंगणात गेला. सोमाजी गावचा सुतार. यादोरावची छकडी त्यानंच अठरा वर्षांपूर्वी केली होती.

"सोमाजी, बैलाचं वय त कमी होत नाही गा."

"नाही होत जी."

"छकडीचं वजन कमी होते का?"

सोमाजीनं हातातला लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला. असा प्रश्न त्याला कुणी आजवर विचारला नव्हता. लोक त्याला मजबूत करायला सांगत.

"आधी मोजू," तो म्हणाला.

धनीरामच्या धान गिरणीत पोती तोलायचा मोठा काटा होता. त्यावर छकडी चढवली. चौऱ्याण्णव किलो भरली. धनीराम म्हणाला, "एका पोत्यापेक्षा जड बसाची जागा घेऊन पळता काय जी तुमी?"

परत आल्यावर यादोराव रंधा घेऊन सरळ चाकाच्या आऱ्यांकडे वळला. सोमाजीनं त्याचा हात धरला.

"आऱ्याले हात लावाचा नाही. भर दाणीत आरा मोडला, त छकडी उलटी होते अन् धुरकरी चाकाखाली जाते. काय ठेवाचं ते पयले ठरवू. मंग बाकीचं काढू."

"मंग कोठून काढशील?"

सोमाजीनं एक काठी घेतली. लाकडाचा एक ठोकळा तिला मुठीजवळ दोरीनं बांधला आणि काठी यादोरावच्या हातात दिली. "फिरवा." यादोरावनं फिरवली. काहीच वाटलं नाही. मग सोमाजीनं तोच ठोकळा सोडून काठीच्या टोकाला बांधला. "आता फिरवा." पाच-सहा फेऱ्यांतच यादोरावचं मनगट भरून आलं.

"ठोकळा तोच. टोकाले गेला त जड झाला. चाकाचा घेर म्हंजे हे टोक. तेथून एक शेर काढला, त बैलाले दोन शेर काढल्यावानी वाटते. अन् दुसरी जागा म्हंजे मान. जू हलकं पायजे. बाकी सगळं त्याच्या मागून."

यादोराव पन्नाशी ओलांडलेला माणूस. अठरा वर्षं त्या छकडीवर बसला होता, पण तिच्याकडे असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो मांडी घालून तिथंच बसला आणि शाळेतल्या पोरासारखं विचारू लागला. हे का, ते का, हे काढलं तर काय?

तीन आठवडे काम चाललं. जुनं सागाचं जू काढून सोमाजीनं शिवणीच्या लाकडाचं केलं. शिवण हलकी आणि मानेला मऊ. चाकाचा लाकडी घेर आतल्या अंगानं थोडा थोडा तासला. घेरावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, रुंद होती, ती लोहाराकडून अरुंद करून आणली. बसायच्या जागेच्या फळ्या काढून बांबूच्या कमच्या विणल्या. खिळे उपटून तिथं दोरीचे वेढे घातले. मागच्या खुंट्या, कुणीतरी हौसेनं लावलेलं पितळी फूल, जुन्या रंगाचे थरावर थर, सगळं गेलं. धुरा आणि दोन्ही चाकं जोडणारा कणा मात्र सोमाजीनं तसेच ठेवले. हात फिरवून, कानाशी धरून, ठोकून पाहिले आणि म्हणाला, "हे राहू द्या. हे गेले त आपण गेलो."

रोज संध्याकाळी यादोराव लाकडाचे छिलपे टोपलीत भरून घरी न्यायचा. सत्यभामाबाई ते चुलीत घालायची.

"अवो, आजचा भात तुमच्या छकडीवर शिजला. उद्या वरणासाठी काय आणता? चाक?"

"बोल, बोल. पाखऱ्या पळला की तुयाच हातानं ओवाळशील."

"त्याले त ओवाळीनच. तुमचं सांगत नाही."

पुन्हा काट्यावर छकडी गेली तेव्हा शहात्तर भरली. अठरा किलो गेले होते. यादोरावला वाटलं, जणू पाखऱ्याच्याच पाठीवरून कुणी अठरा किलो उतरवले.

पटाला आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पळवून पाहायचं ठरलं. त्या संध्याकाळी यादोरावनं, जे तो बावीस वर्षं प्रत्येक पटाआधी करत आला होता, तेच केलं. हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यानं लाकूड आखडतं, धाव ढिली होऊन वाजू लागते. म्हणून चाकं काढून शेताकडेच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, बुडवून ठेवायची. सकाळपर्यंत लाकूड फुगतं आणि धाव गच्च बसते. त्याचा बापही असंच करायचा. यात विचार करण्यासारखं काही असतं, हे त्याच्या मनातही आलं नाही.

सकाळी त्यानं छकडी जुंपली. भोजराज आणि सोमाजी दाणीच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. यादोरावनं जीभ टाळ्याला लावून हलकासा आवाज केला. पाखऱ्यासाठी तेवढंच लागायचं. जोडी निघाली. अर्धी दाण झाली, पाऊण झाली, आणि पाखऱ्याची मान खाली गेली. जू तिरपं झालं.

छकडी थांबली. पाखऱ्याच्या नाकपुड्या भात्यासारख्या हलत होत्या. यादोराव उतरून त्याच्या मानेला टेकून उभा राहिला.

"बाबा," भोजराज हळू म्हणाला, "मी मामाले सांगावा धाडतो."

"धाड," यादोराव म्हणाला.

सोमाजी मात्र छकडीभोवती फिरत होता. त्यानं चाक हातानं फिरवून पाहिलं, कपाळाला आठी घातली. "ही आपली छकडी नोय जी. चाक असं नोतं. चला काट्यावर."

काट्यावर छकडी त्र्याऐंशी किलो भरली.

"तुया काटा खोटा हाय!" यादोराव धनीरामवर ओरडला. "काल शहात्तर अन् आज त्र्याऐंशी? सात किलो का आभाळातून पडले?"

धनीरामला राग आला. त्याच्या काट्यावर साऱ्या गावाचं धान तोललं जायचं. "काटा खोटा? मायावर अर्ध्या तालुक्याचा भरोसा हाय! आधी छकडी उतरवा अन् सोता उभे रहा. पाहू."

सोमाजीनं तोवर ओलसर चाकाला अंगठा लावला होता. "चाकं कोठी होती काल?"

यादोरावचं तोंड उघडं राहिलं. "बोडीत."

धनीराम हसत सुटला, सोमाजी हसत सुटला, आणि शेवटी भोजराजलाही हसू आवरेना. "बाबा, तीन आठवडे लाकूड काढलं अन् एका रातीत पाणी भरलं!" यादोराव कपाळाला हात लावून उभा होता, पण त्याच्या छातीवरचा दगड थोडा सरकला होता. दोष पाखऱ्याचा नव्हता.

"चाकं वाळू द्या," सोमाजी म्हणाला. "सावलीत. उन्हात तडकतील. धाव ढिली होईल, त लोहार तिचा बोटभर तुकडा कापून तापवून चढवल. पाण्याचं काम आगीनं करू."

"भोजराज," यादोराव म्हणाला, "आणखी एक डाव. चार दिवसांनी."

"सांगावा त मी धाडनारच. मामा पटाच्या दिवशी बैल घेऊन येतील. पण पळवून पहा तुमी. मी काय दुश्मन हाव का त्याचा?"

धनीरामचा राग अजून गेला नव्हता. "ते सगळं झालं. पण माया काट्याची बदनामी झाली. उभे रहा म्हणतो ना मी!"

त्याचं मन राखायला यादोराव काट्यावर चढला. एकाहत्तर. मग भोजराजला ढकललं. बावन्न.

"बरोबर हाय की नाही?" धनीराम म्हणाला.

"बरोबर हाय," यादोराव म्हणाला, आणि खाली उतरला.

घरी जाताना तो मनातल्या मनात हिशेब करत राहिला. एकाहत्तरातून बावन्न गेले तर एकोणीस राहतात. लहानपणी मास्तरांनी पाटीवर घालून दिलेल्या वजाबाकीसारखी ही वजाबाकी त्याच्या डोळ्यांपुढं उभी होती. खिळा खिळा उपटला, कमची कमची मोजली, तेव्हा अठरा किलो गेले होते. आणि लेकापेक्षा जास्तीचे एकोणीस किलो तो स्वतः रोज धुऱ्यावर घेऊन बसत होता.

चार दिवसांनी वाळलेली चाकं, नव्यानं चढवलेली धाव घेऊन जोडी पुन्हा दाणीवर उभी राहिली. यादोरावनं एकदा हाकून पाहिलं. मनाला पटवायचं होतं. यावेळी पाखऱ्या कितीतरी पुढंपर्यंत बरोबर राहिला. शेवटच्या पन्नास पावलांत मात्र जू जरासं तिरपं झालं. जरासंच.

भोजराज काही बोलायच्या आत यादोराव उतरला आणि कासरा त्याच्या हातात दिला.

"आता तू बस."

"मी? बाबा, जोडी तुमची हाय. लोक काय म्हणतील?"

"लोकाइले काट्यावर उभं करू. बस."

भोजराज धुऱ्यावर बसला. त्यानं "हट्!" केलं. कोसा उसळला. पाखऱ्या उभाच राहिला, मान वळवून यादोरावकडे पाहत.

भोजराजनं तुतारी उचलली. टोकाला खिळा असलेली ती काठी सगळेच धुरकरी बाळगतात.

"नोको," यादोराव म्हणाला. "ते ठेव खाली. ओरडू बी नोको. जीभ टाळ्याले लाव. आता सोड. नाही, असं नाही, असा आवाज त गाय हाकलाले करतात. हळू. वासराले पेज पाजताना करतात तसा."

"मी कधी पाजली पेज?"

"म्हणून त शिकवतो."

तीन दिवस शिकवणी चालली. यादोराव बांधावर बसून सांगायचा. कासरा उजवीकडे ढिला ठेव. पाखऱ्याला ओढलेलं आवडत नाही. त्याची धाप कानानं ऐक. धाप जड झाली की कोशाला किंचित आवर, पाखऱ्याला मारू नको. एकदा चुकला तर यादोराव पुन्हा सांगायचा, पाचदा चुकला तर सहाव्यांदा तसंच, त्याच आवाजात. पहिल्या दिवशी भोजराज चिडला. दुसऱ्या दिवशी पाखऱ्या त्याच्या आवाजावर दोन पावलं चालला. तिसऱ्या दिवशी सत्यभामाबाई जेवायला हाक मारून मारून थकली, तरी बाप-लेक बांधीतच होते.

पटाच्या दिवशी भैय्यालाल मामा आपला तरणा बैल घेऊन आला. बैल देखणा होता. त्यानं तो दाणीच्या शेवटी बाभळीला बांधला, पण भोजराजनं जुंपलं ते पाखऱ्यालाच.

जोडी सुटेपर्यंत बैलांना समोरून धरायला माणूस लागतो. यादोरावनं पाखऱ्याला धरलं. दोघांची तोंडं इतकी जवळ होती की पाखऱ्याचा श्वास त्याच्या गळ्यावर लागत होता. लोकांत कुजबुज झाली. यादोराव खाली आणि पोट्टा वर? त्यानं ऐकलं, न ऐकल्यासारखं केलं.

निशाण खाली आलं. यादोराव बाजूला झाला.

बावीस वर्षं त्यानं पट बैलांच्या कानांमधून पाहिला होता. आज पहिल्यांदा तो मागं उभा होता, आणि त्याला काहीच दिसलं नाही. धुळीचा एक लोट दूर दूर गेला. टोकाशी आरडाओरडा झाला. कुणाच्या नावाचा, कळेना. कुणी जिंकलं, हेही कळेना. आणि त्याला त्याहून वेगळंच काही जाणून घ्यायचं होतं.

तो दाणीत उतरला आणि चाकोरीकडे पाहत चालू लागला. जू तिरपं झालं की छकडी वळते आणि चाकाच्या रेषा वाकतात. अर्ध्या दाणीवर रेषा सरळ. पाऊण दाणीवर सरळ. मागून निशाणवाला ओरडला, "ओ यादोराव, बाजूले व्हा जी! दुसरी जोडी सुटून राहिली!" त्यानं हात वर करून त्याला थांबवलं. शेवटची पन्नास पावलं राहिली. तो वाकून, जवळजवळ रांगत, बघत गेला. दोन्ही रेषा सुताच्या दोरीसारख्या सरळ, थेट शेवटपर्यंत.

यादोराव तिथंच बांधावर बसला. डोळे पुसावेत तर हातांना धूळ लागलेली.

ती फेरी त्यांच्या जोडीनं थोडक्यात जिंकली होती. दुपारी दुसऱ्या फेरीत लाखांदूरकडच्या एका जोडीनं त्यांना मानभर अंतरानं हरवलं. पण तेव्हाही पाखऱ्या कोशाच्या बरोबरीनंच होता, आणि कोशाच्या मानेवर ओरखडाही नव्हता.

भैय्यालाल मामा उठून आला. "का गा भाचा, हरले न शेवटी. पुढच्या सालासाठी नेतो का माया बैल?"

"बैल चांगला हाय मामा," भोजराज म्हणाला. "चारापाणी करून न्या. जोडी त आमची हायच."

"बारा वर्षाचा हाय तो! पुढच्या साली तेरा होईल."

"होऊ द्या. छकडीत अजून दोन-तीन किलो हायेत. सोमाजी काका म्हणतात, काढता येतील."

मामा हसत आपल्या बैलाकडे गेला. भोजराजनं पाखऱ्याचं जू सोडलं, त्याची मान ओल्या फडक्यानं पुसली आणि थोडा घुटमळत बापाकडे वळला.

"बाबा, हा मान अशी पुढं करून राहिला. याले काय पायजे?"

"कानामागं खाजवून मागते तो."

"उजव्या की डाव्या?"

"उजव्या," यादोराव म्हणाला. "नखानं नाही. बोटाच्या पेरानं. हां, तसं."